नजर माशीवर

आमच्या जिल्ह्यात नेमबाजी म्हटलं की आधी जत्रेतला फुग्यांचा स्टॉल आठवतो. येरमाळ्याच्या येडेश्वरीची चैत्री यात्रा असो की तुळजापूरचं नवरात्र, फळीवर रंगीबेरंगी फुगे टाचलेले असतात. बंदूक खांद्याला लावायची, एक डोळा मिटायचा, फुग्याकडे रोखून बघायचं आणि घोडा ओढायचा. माझं या विषयातलं ज्ञान एवढंच होतं. धाराशिव शहरातल्या एका छोट्या एअर पिस्तूल रेंजवर रविवारी सकाळी आपापसात मॅच होते, नवख्यांनाही घेतात, असं शाळेतल्या सहकाऱ्यांकडून कळलं आणि मी नाव दिलं. तिथे पोहोचल्यावर तासाभरातच समजलं, की जत्रेत करतो त्यातली एकही गोष्ट इथे तशी करत नाहीत.

रेंज म्हणजे पत्र्याचं छप्पर असलेला एक लांबट हॉल. एका टोकाला टेबलं, दुसऱ्या टोकाला दिव्यांच्या झोतात पुठ्ठ्याची लक्ष्यं. मधलं अंतर बरोबर 10 मीटर. लक्ष्यावरचा काळा गोल 59.5 मिलिमीटरचा आणि त्याच्या मध्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ फक्त 11.5 मिलिमीटरचं. पिस्तूल एकाच हाताने धरायचं. दुसरा हात खिशात. लक्ष्याला अंग तिरकं करून उभं राहायचं. दीड किलोच्या आतलं ते पिस्तूल पहिल्यांदा उचलताना काहीच वाटत नाही. थोड्या वेळाने मात्र खांद्यातला एकेक स्नायू वेगळा जाणवायला लागतो.

तिथे शिकवणाऱ्या सरांनी आधी पिस्तूल हातात दिलंच नाही. नळीतून आरपार घातलेली नारिंगी दोरी दाखवली. ती दोरी दिसते तोवर आत छर्रा नाही, हे हॉलमधल्या कुणालाही लांबूनच कळतं. नळीचं तोंड कायम समोर, बोट ट्रिगरच्या बाहेर, आणि ‘स्टॉप’ म्हटलं की जगबुडी आली तरी पिस्तूल खाली. मग छर्रा तळहातावर ठेवला. शिशाचा, 4.5 मिलिमीटरचा, कमरेत बारीक, मागे पोकळ आणि डोक्याला सपाट. सपाट डोक्यामुळे कागदाला स्वच्छ गोल भोक पडतं आणि गुण मोजताना वाद होत नाही. शिसं अंगाला वाईट, म्हणून साबणाने हात धुतल्याशिवाय चहाच्या कपाला हात लावायचा नाही, हाही तिथला पक्का नियम.

खरा गोंधळ पुढे होता. पिस्तुलाच्या मागच्या बाजूला एक खाच असते आणि पुढच्या टोकाला एक छोटा खांब, म्हणजे माशी. खाचेच्या बरोबर मधोमध माशी, दोन्ही बाजूंना सारखा उजेड, वरची कड एका रेषेत. इथवर समजलं. मग सर म्हणाले, “आता नजर माशीवर. लक्ष्य अंधुक दिसू द्या.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. जिथे मारायचं तेच अंधुक ठेवायचं? त्यात माझा चाळिशीचा चष्मा. लांबचं बघायच्या काचेतून पुठ्ठा स्वच्छ आणि माशी धूसर, वाचायच्या काचेतून दोन्हींचा काला. अखेर मधल्या अंतराची काच सापडली, माशीच्या कडा धारदार झाल्या आणि पलीकडे काळ्या गोलाचा नुसता ढग राहिला. कारण साधं आहे. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्थिर होतो. हातातली माशी किंचित सरकली तर 10 मीटरवर ती चूक कितीतरी पटींनी वाढते; लक्ष्य थोडं धूसर दिसल्याने तेवढं नुकसान होत नाही. गणित पटलं, पण डोळ्यांना पटायला फार वेळ लागला. ते आपोआप पुठ्ठ्याकडे पळत राहिले.

ट्रिगरचंही तसंच. या पिस्तुलाच्या ट्रिगरवर किमान 500 ग्रॅम दाब लागला पाहिजे असा स्पर्धेचा नियम आहे. तो दाब हळूहळू वाढवत न्यायचा. “आंबा पिकलाय का बघायला दाबता ना, तसं,” असं सरांनी सांगितलं आणि ते मला लगेच उमगलं. छर्रा नेमका केव्हा सुटणार हे आपल्यालाही आधी कळू नये, इतका तो दाब सावकाश हवा. आणि आठ-दहा सेकंदांत नीट जमलं नाही तर? मारायचं नाही. हात खाली घ्यायचा, श्वास घ्यायचा, पुन्हा उचलायचा. सगळ्यात अवघड हेच.

कागदावरचे गुण लिहून झाल्यावर ज्यासाठी सगळे येतात ती मॅच सुरू झाली. गावातल्याच वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलेल्या दोन लोखंडी पेट्या, प्रत्येकीत बिजागरीवर उभ्या पाच चकत्या. छर्रा लागला की चकती मागे पडते. सुतळी ओढली की पाचही पुन्हा उभ्या. दोघं शेजारी शेजारी उभे राहतात. ज्याच्या पाच आधी पडतील तो पुढच्या फेरीत.

अमेरिकेत अशाच क्लबांमधून टेबलावर बोलिंगच्या पाच पिना मांडतात. मिशिगनमध्ये बुलेटप्रूफ जॅकेटं बनवणाऱ्या रिचर्ड डेव्हिस यांनी 1970च्या दशकात ते सामने लोकप्रिय केले. तिथे खऱ्या गोळ्या असतात आणि पिन नुसती आडवी होऊन चालत नाही, टेबलावरून खाली जावी लागते. आपल्याकडे बंदुकीचा परवाना आणि काडतुसं हा मोठा व्याप आहे. मात्र 2016च्या शस्त्र नियमांप्रमाणे 0.177 इंच आणि 20 ज्यूलच्या आतल्या हवाई शस्त्राला परवाना लागत नाही, म्हणून असा खेळ जिल्ह्याच्या गावीही उभा राहू शकतो.

माझी गाठ पडली कळंबकडच्या नववीतल्या एका मुलीशी. आमची पिस्तुलं एका वेळी एकच छर्रा घेणारी. खटका उघडा, छर्रा बसवा, बंद करा, हात उचला, असं दर चकतीला. घड्याळाशी शर्यत असली की तो इवलासा छर्रा बोटांतून निसटतो, टेबलावर घरंगळतो. माझ्या मोजक्या पडेपर्यंत तिच्या पाचही पडल्या होत्या. पिस्तूल ठेवून ती म्हणाली, “मॅडम, गडबड करू नका. भरताना फक्त भरण्याकडंच बघायचं.”

अंतिम फेरी तिची आणि महावितरणमधल्या एका काकांची झाली. काकांची एकच चकती उरली होती, तिच्या दोन. काका मारत होते आणि छर्रे चकतीच्या कडेने जात होते. तिने चौथी पाडली, शेवटचीसाठी हात उचलला, धरला आणि न मारताच खाली घेतला. सगळा हॉल बघत असताना, प्रतिस्पर्धी एका छर्र्याच्या अंतरावर असताना, चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीने एक पूर्ण श्वास घेतला. मग पुन्हा हात उचलून चकती पाडली. काकांनीच आधी टाळ्या वाजवल्या.

मी वर्गात वर्षानुवर्षं ‘लक्ष दे’ म्हणून मुलांना सांगत आले आहे. लक्ष देणं म्हणजे काय, हे इतकं उघड मी कधी पाहिलं नव्हतं.

आपला जिल्हा खो-खोचा. सारिका काळेला 2020 साली अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा इथल्या मैदानांवर मुलींची गर्दी वाढावी असं आम्हा सगळ्या शिक्षकांना वाटलं. पण प्रत्येक मुलीला धावण्याचं अंग असतंच असं नाही. शांत, एकलकोंड्या, चष्मा लागलेल्या, खेळाच्या तासाला भिंतीला टेकून बसणाऱ्या मुलींसाठीही खेळ हवा, आणि नेमबाजी तसा खेळ आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने 2010 मध्ये म्युनिकला जागतिक अजिंक्यपद मिळवलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक घेतलं. महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक खाशाबा जाधवांच्या 1952च्या पदकानंतर 72 वर्षांनी मिळालं.

स्पर्धेचं परदेशी पिस्तूल लाखाच्या वर जातं, ते एका घराला परवडणारं नाही. पण चार शाळांनी मिळून दोन पिस्तुलं घेतली तर ती वाटून वापरता येतात. बारा-तेरा मीटर लांबीची बंद खोली, मागे छर्रे अडवणारी भक्कम आडभिंत, चांगला उजेड आणि शिस्तीचा जाणकार माणूस, एवढ्यावर सुरुवात होते. ज्या मुख्याध्यापकांच्या शाळेत अशी एखादी खोली जुन्या बाकांनी भरून पडली आहे, त्यांनी ती रिकामी करून घ्यावी आणि जवळच्या रेंजवर एक रविवार सकाळ मुलांना घेऊन जावं.