मूळ कागदासमोर बसलेला शिक्षक

आठवीच्या इतिहासाच्या पुस्तकातला पहिलाच धडा इतिहासाच्या साधनांवर आहे. भौतिक, लिखित, मौखिक, दृक्-श्राव्य अशी वर्गवारी मुलं पाठ करतात आणि परीक्षेत बिनचूक लिहितात. त्यांतल्या बहुतेकांनी एकही लिखित साधन कधी वाचलेलं नसतं. शिक्षकांचंही फार वेगळं नसतं. बी.ए., बी.एड. होईपर्यंत आपण इतिहासाची पुस्तकं वाचतो. ती ज्या कागदांवरून लिहिली गेली ते कागद क्वचितच डोळ्यांसमोर येतात. पूर्वी त्याला कारणही होतं. कागद दिल्लीत, मुंबईत, नाहीतर पुण्याच्या पेशवे दफ्तरात. वस्तीशाळेवरचा शिक्षक तिथवर जाणार कधी? आता राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ आहे, इंटरनेट आर्काइव्हवर जुन्या सरकारी अहवालांच्या आणि गॅझेटियरांच्या स्कॅन प्रती आहेत. कागद खिशातल्या फोनपर्यंत आला. तो वाचायचा कसा आणि वर्गात न्यायचा कसा, हे शिक्षकांबरोबर बसून शिकणं-शिकवणं हे माझं काम. त्यात माझा जीव रमतो.

अशा प्रशिक्षणात सहसा संकेतस्थळांची लांबलचक यादी दिली जाते. ती ग्रुपवर पडते आणि तिथेच राहते. मी यादी शेवटी देते. आधी एकच कागद घेते आणि सगळं सत्र त्याच्यावर घालवते. माझा आवडता कागद म्हणजे जोतीराव फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगाला दिलेलं निवेदन, तारीख 19 ऑक्टोबर 1882. मूळ निवेदन इंग्रजीत आहे. म्हणून निवडक उतारे मराठीत करून मूळ पानाशेजारी छापते. इंग्रजीच्या धास्तीने कुणी मागे सरकू नये आणि मूळ पानही नजरेआड होऊ नये, एवढीच काळजी.

सुरुवातीला लेखकाचं नाव झाकलेलं असतं. पहिला उतारा प्राथमिक शिक्षकांवरचा. बहुतेक शिक्षक प्रशिक्षण न घेतलेले, पगार फार तर दहा रुपये. तो निदान बारा तरी हवा, मोठ्या गावांत पंधरा ते वीस. शिक्षक शक्यतो शेतकरी समाजातून तयार करावेत, म्हणजे ते लोकांत मिसळतील आणि वेळ पडली तर नांगराला हात घालायला लाजणार नाहीत. अभ्यासक्रमात मोडी आणि बाळबोध, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, शेतीची तोंडओळख, आरोग्याचे धडे. वाचता वाचता खोलीत चुळबुळ सुरू होते. विषय त्यांचाच असतो. मग मी विचारते, हे लिहिणारा माणूस कोण असेल? कुणी म्हणतं शिक्षणाधिकारी, कुणी म्हणतं मिशनरी. प्रत्येकापुढे एकच प्रश्न ठेवते: कशावरून? उत्तर कागदावर बोट ठेवून द्यायचं.

त्यानंतर शेवटचं पान उघडते. सहीखाली जोतीरावांनी स्वतःची ओळख लिहिली आहे: व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर, पेठ जुना गंज, पुणे. ‘महात्मा’ ही पदवी त्यांना मिळाली 1888 मध्ये. या पानावरचा माणूस सरकारी आयोगापुढे कर भरणारा नागरिक म्हणून उभा आहे. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांसाठी होतो, हा त्यांचा मुद्दा त्या सहीसकट वाचला की त्याला वेगळीच धार येते. भिंतीवरच्या तसबिरीतले फुले वर्षानुवर्षं शिकवलेले शिक्षक त्या पानाकडे पुन्हा वळतात, ते पाहण्यासारखं असतं.

खरी कसोटी पुढे असते. याच निवेदनात जोतीराव लिहितात की आपण मुलींची शाळा सुमारे 1854 मध्ये काढली आणि तिथे पत्नीसह बरीच वर्षं काम केलं. पुस्तकात साल आहे 1848. खोलीत एकच गलका होतो. छपाईची चूक असेल, पुस्तक चुकलं असेल, कागदच खोटा असेल. हा गलका मी थांबवत नाही. थोड्या वेळाने आणखी एक नोंद टेबलावर ठेवते: नोव्हेंबर 1852 मध्ये सरकारने विश्रामबाग वाड्यात जोतीरावांचा शैक्षणिक कामाबद्दल जाहीर सत्कार केला. म्हणजे शाळा त्याआधीच सुरू झालेली असणार. निवेदन लिहिलं जातंय तीन दशकांहून जास्त काळानंतर, आठवणीतून, आणि साल अंदाजे आहे असं लिहिणाराच सांगतोय. मग हा कागद टाकून द्यायचा का? अजिबात नाही. शाळा कधी निघाली यासाठी तो कच्चा पुरावा आहे. 1882 मध्ये जोतीराव सरकारकडे काय मागत होते यासाठी त्याच्याइतका पक्का पुरावा दुसरा नाही. कुठलंही साधन सरसकट खरं किंवा खोटं नसतं. आपण त्याला कोणता प्रश्न विचारतो, त्यावर त्याचं वजन ठरतं. मुलांपर्यंत एवढी एक गोष्ट पोहोचली तरी पहिला धडा शिकवून झाला.

ही गोष्ट भाषण देऊन पोहोचत नाही. “मॅडम, मग नेमकं उत्तर काय?” असं कुणी विचारलं की सांगून टाकायचा मोह आवरावा लागतो. ज्या शिक्षकाने स्वतः तो अडखळण्याचा वेळ अनुभवला, तोच वर्गात मुलांना तो वेळ देतो. तासिका छोटी, अभ्यासक्रम मोठा, हे खरंच आहे. म्हणून एका तासिकेला एक परिच्छेद आणि एक प्रश्न, एवढंच टाचणात लिहायचं. रेंज नसेल तर पान आधी उतरवून ठेवायचं, छापून चारचार मुलांत एक द्यायचं.

एका गोष्टीबाबत मात्र मी कडक आहे. नुसता स्क्रीनशॉट वर्गात न्यायचा नाही. कोणत्या ग्रंथातलं पान, कितवं, कोणत्या साली छापलेलं, मूळ कुठे ठेवलेलं, ही नोंद चित्राखाली हवीच. नोंद गळाली की तपासण्याची वाटच बंद होते आणि मूळ कागद फिरत्या फॉरवर्डच्या पंगतीला जाऊन बसतो.

सत्राच्या शेवटी शिक्षकांना स्वतःच्या शाळेकडे पाठवते. जिल्हा परिषदेच्या कितीतरी जुन्या शाळांच्या कपाटांत तपासणी अधिकाऱ्यांची शेरेबुकं आहेत, काहींत मोडीतले शेरे आहेत. मुख्याध्यापकांच्या परवानगीने, मुलांची खाजगी माहिती वगळून, त्यांची पानं नीट उजेडात टिपायची, पानाखाली नोंद लिहायची आणि जोतीरावांच्या निवेदनाशेजारी वाचायची. त्यांनी मागितलेलं शेतीचं, आरोग्याचं शिक्षण आपल्या गावात आलं का? कधी आलं? शिक्षक प्रशिक्षित कधी मिळाला? ही उत्तरं कोणत्याच पुस्तकात छापलेली नाहीत. ती शिक्षकाला आणि त्याच्या मुलांनाच शोधावी लागतील, आणि ती शोधायची तयारी करून देण्यासाठीच हे प्रशिक्षण आहे.