बदगुमानी

आमची गाडी जुनी, पण इमानी. लिटरला १६ किलोमीटर सहज द्यायची. मागच्या हिवाळ्यात मात्र अ‍ॅव्हरेज १३ वर आलं. सकाळी सुरू करताना झटके, पेट्रोलचा वास, सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी.

गाडी बहुतेक भाचाच चालवायचा. तो शिक्षणासाठी आमच्याकडे राहतो. अम्मीला जुन्या नाशकातून कॉलेज रोडला फिजिओथेरपीला नेणं-आणणं त्याच्याकडे. पेट्रोलचे पैसे आम्ही रोख द्यायचो. ते लवकर संपू लागले, तसे आम्ही नवरा-बायको रात्री कुजबुजू लागलो. पोरगा तरुण आहे, दोस्त आहेत... तोंडावर काही बोललो नाही. एकदा फक्त म्हणालो, ‘‘पावती आणत जा.’’ तो ‘‘जी मामू’’ म्हणाला आणि जेवताना गप्प राहू लागला.

एका गॅरेजमध्ये प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला. फरक नाही. शेवटी वडाळा नाक्याकडचे एक वयस्कर मिस्त्री म्हणाले, ‘‘गाडी रात्रभर इथे ठेवा. सकाळी इंजिन थंड असताना बघू.’’

फजरनंतर गेलो. त्यांनी स्कॅनर जोडला, फक्त चावी फिरवली. इंजिनच्या पाण्याचं तापमान २०, आणि आत येणाऱ्या हवेचं उणे २०! रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही आकडे जवळपास सारखे हवेत. नाशकात थंडी पडते, बर्फ नाही.

मिस्त्रींनी समजावलं. थंड हवा दाट असते, तिला पेट्रोल जास्त लागतं. सेन्सर ‘हवा गार आहे’ सांगतो आणि गाडीचा संगणक त्यावर विश्वास ठेवून जादा पेट्रोल सोडतो. सेन्सरची तार तुटली असती तर आकडा थेट उणे ४० दिसला असता आणि मीटरवरचा इंजिनचा दिवा लागला असता. हा खोटं बोलत होता, पण खरं वाटेल इतपतच.

तरी त्यांनी लगेच सेन्सरला दोष दिला नाही. आधी प्लग काढून त्याची दोन टोकं तारेच्या तुकड्याने जोडली. स्कॅनरवरचा आकडा झर्रकन वर गेला, म्हणजे वायरिंग आणि संगणक ठीक. मग मीटर लावला. या तापमानाला सेन्सरचा रोध अडीच हजार ओहमच्या आसपास हवा होता, तो १५ हजारांवर होता. नवा सेन्सर मुठीत धरताच आकडा उतरू लागला. तोच बसवला.

‘‘त्रास कधीपासून?’’ मिस्त्रींनी विचारलं. आम्हाला सांगता येईना. कागदपत्रांसाठी डॅशबोर्डचा कप्पा उघडला, तर रबर लावलेली पावत्यांची गड्डी. प्रत्येकीवर भाच्याच्या अक्षरात किलोमीटरचा आकडा. आम्ही मागण्याच्या कितीतरी आधीपासूनच्या. अ‍ॅव्हरेज कसं हळूहळू उतरलं, सगळं त्यात होतं.

सूरह हुजुरातमध्ये बदगुमानीपासून दूर राहण्याची आणि आलेल्या बातमीची खातरजमा करण्याची ताकीद आहे. ती आम्ही कितीदा वाचली असेल! मिस्त्रींनी एका सेन्सरची तीन वेळा तहकीक केली. आम्ही घरच्या लेकराची एकदाही केली नाही.

त्या रात्री दस्तरखानवर आम्ही दोघांनी त्याची माफी मागितली. तो खाली बघत म्हणाला, ‘‘मामू, गाडी ठीक झाली ना?’’ मग त्याने आणखी एक चपाती मागून घेतली.

गाडी पुन्हा १६ देते. पावत्या आम्ही आता मागत नाही.