पडद्यावर अजून निळंच

विरार पश्चिमेच्या नव्या टॉवरांत काय आणि वसईच्या जुन्या वाड्यांत काय, सिनेमाची रात्र बहुधा एकाच प्रश्नाने सुरू होते: "केबल कुणी आणलीय?" प्रोजेक्टर भाड्याचा असतो, नाहीतर कुणाच्या क्लासमधून मागून आणलेला. लॅपटॉप ज्याचा सगळ्यांत नवा, त्याचा. चादर जिच्या कपाटात डबल बेडची, पांढरी आणि बिनफुलांची निघेल, तिची. राहता राहते केबल, आणि ती कुणाचीच नसते.

चर्चगेटहून विरार गाठायला फास्ट लोकललाही सव्वा तासाच्या आसपास लागतो. नोकरदार मंडळी जेवून गच्चीवर यायची, तर नऊ-साडेनऊ वाजतातच. ते एका परीने बरंच, कारण प्रोजेक्टरला काळा रंग टाकताच येत नाही. तो फक्त उजेड टाकतो. पडद्यावरचा सगळ्यांत गडद काळा म्हणजे त्या चादरीवर आधीच पडलेला उजेड. शेजारच्या इमारतीच्या जिन्यातली ट्यूब चालू राहिली, तर भुताच्या सिनेमातली मध्यरात्रही दुपारी चारची वाटते. त्यात कुणीतरी हौसेने म्हणतं, "अजून मोठं करा ना!" चित्राची रुंदी दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होतं आणि तोच उजेड चौपट जागेवर पसरतो. सहा फुटांवर ठसठशीत दिसणारी नायिका बारा फुटांवर फिकुटते. हे गणित गच्चीवर कुणी मांडत नाही. सगळे मिळून प्रोजेक्टरला नावं ठेवतात.

मग केबल सापडते आणि चादरीवर निळा चौकोन उमटतो: नो सिग्नल.

"पिन नीट बसली नाही बघ." "बसलीय हो, काका." "काढून परत लाव." काकांचा हा सल्ला अडाणी नाही. लॅपटॉप आणि प्रोजेक्टर जोडले गेले की लगेच चित्र धावत नाही, आधी चौकशी होते. प्रोजेक्टर आपला बायोडेटा पाठवतो, म्हणजे आडवे ठिपके किती, उभे किती, सेकंदाला किती वेळा चित्र बदलता येतं. आणि लॅपटॉप तो वाचून झेपेल तेवढंच स्थळ पुढे करतो. ही बोलणी अर्धवट फिसकटली तर केबल काढून पुन्हा लावणं, म्हणजे बैठक नव्याने बसवणं, हाच खरा उपाय. नाहीतर प्रोजेक्टरच्या रिमोटवरचं सोर्सचं बटण दाबून बघायचं. पुष्कळदा तो बिचारा दुसऱ्याच भोकाकडे डोळे लावून बसलेला असतो.

भोकांचा इतिहासही मजेदार आहे. निळ्या डोक्याची, दोन बाजूंना स्क्रू असलेली पंधरा पिनांची व्हीजीए ही आयबीएमने १९८७ साली आणली. ती चित्र नेते, आवाज नेत नाही. म्हणून जुन्या प्रोजेक्टरवर सिनेमा लावायचा तर स्पीकरची वायर लॅपटॉपपासून वेगळी ओढावी लागते. एचडीएमआयचं मानक २००२च्या अखेरीस ठरलं. त्यात चित्र-आवाज एकत्र जातात, आणि तिथेच नवा घोळ होतो. आवाज इमानदारीत प्रोजेक्टरच्या पोटातल्या किरट्या स्पीकरमधून येतो, आणि मुद्दाम भाड्याने आणलेला मोठा स्पीकर शांत उभा. आता नव्या पातळ लॅपटॉपांना नुसतं टाइप-सी. तिथे कन्व्हर्टर लागतो, आणि प्रत्येक टाइप-सी चित्र पाठवतंच असंही नाही. काही फक्त चार्जिंग आणि फायलींपुरतं. दुकानदार हे सांगतोच असं नाही.

चित्र आलं तरी सिनेमा आलेला नसतो. चादरीवर लॅपटॉपचा वॉलपेपर, हिरवी टेकडी किंवा मुलीचा पहिला वाढदिवस, आणि सिनेमा मात्र लॅपटॉपवरच चाललेला. विंडोजचं बटण आणि पी एकदम दाबलं की चार पर्याय येतात. विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, ही सोय आहे. एक्स्टेंडने असा घोटाळा होतो. डुप्लिकेटने दोन्हीकडे तेच दिसतं, पण मग ऑफिसच्या ग्रुपवरचा मेसेजही साठ जणांसमोर चादरीवर झळकतो. शहाणे लोक 'सेकंड स्क्रीन ओन्ली' निवडतात आणि नोटिफिकेशन आधीच बंद करून ठेवतात.

ओटीटीवरचा सिनेमा लावला तर आणखी एक कोडं. संवाद ऐकू येतात, चादर काळी. दोष कुणाच्या हाताचा नसतो. कॉपी होऊ नये म्हणून चित्राला कुलूप घातलेलं असतं, त्याला एचडीसीपी म्हणतात. वाटेत जुना प्रोजेक्टर किंवा व्हीजीएचा कन्व्हर्टर असला तर ते उघडत नाही. (घरच्या वर्गणीत अख्ख्या सोसायटीला खेळ दाखवायची परवानगी नसते, हे त्या वेळी कुणालाच आठवत नाही.)

मुंबईकरांनी पहिला सिनेमा पाहिला तो ७ जुलै १८९६ रोजी, काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात. तिकीट एक रुपया. ल्युमिएर बंधूंच्या त्या सहा छोट्या चित्रफितींत एक स्टेशनात शिरणाऱ्या आगगाडीची होती. विरारकरांना तिचं फारसं अप्रूप वाटलं नसतं. इथून बॅकबेला १२ एप्रिल १८६७ पासूनच गाडी जात होती. अप्रूप होतं ते भिंतीवर हलण्याचं. पुढे शंभरेक वर्षं त्या हलण्याचं वजन माणसांनी खांद्यावर वाहिलं. पस्तीस मिलिमीटरची फिल्म मिनिटाला नव्वद फूट पळते. अडीच तासांच्या सिनेमाला साडेतेरा हजार फूट, म्हणजे चार किलोमीटरहून थोडी जास्त. नायगाव स्टेशनापासून वसई रोडपर्यंत अंथरता येईल एवढी. महाराष्ट्रातल्या जत्राजत्रांतून ट्रकवर यंत्रं लादून तंबूत खेळ लावणाऱ्यांवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला. २०१६ साली कान महोत्सवात त्याचा विशेष उल्लेख झाला. त्यात गंजत चाललेली यंत्रं दिसतात आणि त्यांच्यावर जीव टाकणारी माणसंही. आज तेवढा सिनेमा पेनड्राइव्हच्या कोपऱ्यात मावतो. यंत्रापाशी उभ्या माणसाला पडणाऱ्या शिव्या मात्र मापाने तेवढ्याच आहेत.

किनाऱ्यालगतच्या गावांत तर खारा वारा चादरीचं शीड करतो आणि नायकाचं नाक कानापर्यंत नेतो. खालच्या कडेला बांबू शिवायचा, नाहीतर कपड्यांचे चिमटे आणि पाण्याच्या बाटल्या. वीज गेली तर लॅपटॉप बॅटरीवर चालत राहतो, प्रोजेक्टर विझतो. दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर दिवा थंड झाल्याशिवाय तो लगेच पेटतही नाही.

हल्ली अँड्रॉइडवाले छोटे प्रोजेक्टर मिळतात. त्यांना लॅपटॉप नको, केबल नको, सगळं वाय-फायवर. सोसायटीतल्या तरुण मंडळींनी वर्गणी काढून तसा एक घ्यायचं ठरवलं, की पहिल्याच खेळाला कळतं की राउटरची रेंज चौथ्या मजल्यावरच संपते. मग कुणाच्या तरी मोबाइलचा हॉटस्पॉट, मग गोल गोल फिरणारं चक्र, मग मुलांची आरडाओरड. आणि शेवटी कुणालातरी लॅपटॉप आणायला खाली पिटाळलं जातं. जाताना तो जिन्यातून ओरडून विचारतो, केबल कुणाकडे आहे?