३४ इंचांचा बोळ

आमच्या वाड्याचा बोळ ३४ इंच रुंद आहे. त्यातून रोज जाऊन-येऊनही हे मला २७ वर्षं माहीत नव्हतं. गेल्या जूनमधल्या एका रविवारी बाबांच्या दुकानातली टेप आणून मी तो मोजला, कारण रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५०चं हँडल साधारण ३१ इंच रुंद असतं. म्हणजे दोन्हीकडे दीड-दीड इंच उरतो. कागदावर गाडी बसते. पण बोळाच्या तोंडाशी दगडी उंबरा आहे, आत गेल्यावर लगेच जिना आहे, आणि गाडीचं वजन १९५ किलो. माझं ५२.

बाबा वर गॅलरीत उभे राहून बघत होते. "भिंत पाडायची का?" एवढंच म्हणाले.

बुधवार पेठेत, जोगेश्वरीपासून चार पावलांवर आमचं घर आहे. बाबांचं तपकीर गल्लीत होल्डर, वायर, स्विच, गणपतीच्या आधी माळा असं छोटं दुकान. मी खराडीला एका कंपनीत बॅकएंडचं काम करते. जायला-यायला अ‍ॅक्टिव्हा. पुण्यात 'गाडी' म्हणजे दुचाकी, आणि आमच्या घरात गाडी म्हणजे स्कूटरच. आजोबांनी १९७६ साली चेतकसाठी नंबर लावला होता, ती १९८३ साली आली. तोपर्यंत आत्याचं लग्न होऊन तिला दोन मुलं झाली होती. आजच्या डिलिव्हरी अ‍ॅपच्या काळात हे सांगितलं की ऑफिसातली पोरं हसतात, पण तेव्हा आकुर्डीतून निघणाऱ्या स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं थांबायचे आणि त्यात कुणाला काही विशेष वाटायचं नाही.

त्या चेतकवर आमचं सगळं घर चाललं. पायाशी गॅसची टाकी, मागे आई एका बाजूला पाय टाकून, मधे मी, आणि डिकीत वायरची भेंडोळी. चालू होईना की बाबा तिला इंजिनाच्या बाजूला पार आडवी करायचे, पुन्हा सरळ, मग किक. मला ते लहानपणी बाळाला ढेकर काढण्यासारखं वाटायचं. स्कूटर कुणा एकाची नसते, ती घराची असते. माझी अ‍ॅक्टिव्हाही तशीच आहे: सकाळी माझी, रविवारी आईची मंडईसाठी, आणि गणपतीत बाबांचं गोडाऊन.

मोटारसायकल मात्र एका माणसाची असते. मला ती अकरावीपासून हवी होती. कुठलीही नाही, तसलीच: गोल हेडलाइट, थेंबासारखी टाकी, स्पोकची चाकं, आणि धप धप असा एकेक ठोका मोजता येईल असा आवाज. स्कूटरवाल्यांना या गाड्यांचं जे वेड असतं ते बुलेटवाल्यांना कळायचं नाही. त्यांना ती चालवायची असते, आम्हाला ती बघायची असते. सिग्नलला मी एनफिल्डच्या मागे मुद्दाम थांबते.

यात ब्रिटिश काय आहे, हा प्रश्न मला एका कंटाळवाण्या डिप्लॉयमेंटच्या रात्री पडला आणि मी पहाटे तीनपर्यंत वाचत बसले. एनफिल्ड मूळची इंग्लंडमधल्या रेडिचची. १९५०च्या दशकात आपल्या लष्कराला सीमेवरच्या गस्तीसाठी गाड्या हव्या होत्या, म्हणून १९५५ साली मद्रासला कारखाना निघाला. इंग्लंडमधला कारभार १९७० पर्यंत आटोपला. मद्रासमधला चालूच राहिला आणि १९७७ साली तिथली बुलेट उलट इंग्लंडला विकायला गेली. कोडच्या भाषेत सांगायचं तर मूळ रेपो डिलीट झाला आणि फोर्कच मेन झाला. नंतर तर रांगच लागली. नॉर्टन २०२० साली टीव्हीएसने घेतली. बीएसए महिंद्रांच्या घरात आली आणि तिची गोल्ड स्टार इथे विकायला काढली ती २०२४च्या १५ ऑगस्टला. तारीख कुणी निवडली असेल त्याला माझा नमस्कार.

आणि ट्रायम्फ! माझ्या टीममधला एक जण स्पीड ४०० घेऊन येतो, टाकीवर ते ऐटबाज इंग्रजी नाव. २०२३ साली आलेली ही गाडी बनते चाकणला, बजाजच्या कारखान्यात. ज्या बजाजने आजोबांना सात वर्षं थांबवलं, त्याच बजाजने २००९च्या डिसेंबरात आपण स्कूटर बंद करतोय असं जाहीर केलं होतं. राहुल बजाज यांनी मुलाच्या या निर्णयाचं आपल्याला वाईट वाटल्याचं उघड सांगितलं होतं. आमच्या घरी मात्र बाबांनी बातमी वाचून पेपर घडी करून ठेवला आणि चेतक पुसायला गेले. आता इलेक्ट्रिक चेतक आहे, पण तिला आडवी करावी लागत नाही, म्हणून बाबा तिला चेतक मानत नाहीत.

तर माझ्या वेडात इंग्लंड फारसं नाही. काय आहे, ते मला गेल्या मे महिन्यात कळलं.

बुधवारात राहते म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हलतं. पुण्याबाहेरच्यांच्या नाही, पुण्यातल्याच. कॉलेजात मी 'दगडूशेठच्या मागे' सांगायचे, ऑफिसात 'अप्पा बळवंतजवळ'. दोन्ही खोटं नाही. वस्तीच्या गल्ल्या आमच्या घरापासून थोड्या पुढे सुरू होतात. तिथल्या बायका बाबांच्या दुकानात बल्ब, पिन, एक्स्टेन्शन बोर्ड न्यायला येतात. बाबा सगळ्यांना ताई म्हणतात आणि उधारी देत नाहीत. ती ते कुणालाच देत नाहीत.

त्या रात्री रिलीज होता. साडेअकरा झाले होते. मेट्रोच्या कामानंतर रस्त्यांचं काय झालंय ते देवालाच माहीत, मी नेहमीची वाट सोडून आतल्या गल्लीतून वळले आणि अ‍ॅक्टिव्हा बंद पडली. पेट्रोल. आईची रविवारची मंडई! चेहऱ्याला स्कार्फ होता, पुण्यात असतोच. मी गाडी स्टँडवर लावून बाबांना फोन लावत होते. मागून आवाज आला. वळून न बघता मी सांगू शकले की क्लासिक आहे, नवं इंजिन, सायलेन्सर बदललेला. तो शेजारी येऊन थांबला. पाय खाली टेकवले, इंजिन चालूच ठेवलं.

"कितना?"

मला आधी वाटलं तो पेट्रोलबद्दल विचारतोय.

मग कळलं, आणि तोंडातून शब्द फुटेना. मीटिंगमध्ये मी डायरेक्टरला गप्प बसवलेलं आहे. इथे नुसती फोन कानाला लावून उभी. फरासखाना पोलीस चौकी तिथून हाकेच्या अंतरावर. तेवढ्यात समोरच्या पायरीवरून एक बाई ओरडली, "ए! ती तसली नाय. दुकानवाल्या शेठची पोरगी हाय ती. चल, निघ!" तो मलाच "सॉरी मॅडम" म्हणून निघून गेला. धप धप धप.

मला हायसं वाटलं. म्हणजे 'ती तसली नाही' या तीन शब्दांनी हायसं वाटलं. आणि ते जिने म्हटलं ती तिथेच पायरीवर बसली होती. मी थँक्यू म्हटलं की नाही हे मला आजही आठवत नाही. बाबा बाटलीत पेट्रोल घेऊन आले, तिला म्हणाले, "ताई, बरं झालं." मी स्कार्फ सोडलाच नव्हता.

पुढच्याच आठवड्यात मी क्लासिक बुक केली. आईला सांगितलं अप्रेझल झालं म्हणून. खरं कारण मला सांगताही आलं नसतं. ज्या गाडीवरून त्याने मला विचारलं तीच मला हवी होती. तिच्यावर बसलेल्याला कुणी काही विचारत नाही. अ‍ॅक्टिव्हावरची बाई कुणीही असू शकते, क्लासिकवरची 'तसली' नसणार. हे मी त्या पायरीवरच्या बाईपासून लांब जायला पावणेतीन लाख घालत होते की काय? हा विचार आला तेव्हा बुकिंग रद्द करण्याची मुदत संपली नव्हती. मी रद्द केलं नाही. मला ती अकरावीपासून हवी होती, हेही खरंच होतं.

गाडी ऑगस्टमध्ये आली, काळी. उंबऱ्यावर चेतकसाठी आजोबांनी करून घेतलेली सागवानी फळी अजून होती. बाबांनी ती टाकली, शेजारी दुकानातली दुसरी टाकली, आणि माझ्यामागे उभे राहिले. पहिल्या गियरमध्ये हळूच क्लच सोडला. फळी कुरकुरली, चाक वर चढलं, आणि उजवीकडचा आरसा भिंतीला घासला. आरसा मी मोजलाच नव्हता. आता तो रोज रात्री आत वळवते. बाबांनी एकदाच मागे बसून मंडईपर्यंत चक्कर मारली. उतरल्यावर म्हणाले, "टाकी कुठे ठेवणार?" त्यांना गॅसची म्हणायची होती. खराडीला मी अजून अ‍ॅक्टिव्हानेच जाते. मगरपट्ट्याच्या ट्रॅफिकमध्ये क्लच धरून डावा हात बधिर होतो.

गणपतीच्या आधी एका संध्याकाळी मी मुद्दाम त्याच गल्लीतून गेले, हेल्मेट घालून, स्कार्फ न बांधता. ती पायरीवरच होती, लसूण सोलत. मी गाडी थांबवली. काय बोलायचं ते ठरवून आले होते, ते काही आठवेना. तिने गाडी पुढून मागून बघितली.

"नवीन? किती देती?"

"पस्तीसच्या आसपास."

"मग स्कूटर काय वाईट व्हती?" म्हणाली, आणि माझ्या दुकानातून पिवळा बल्ब पाठवून दे म्हणाली, पांढऱ्याने डोळे दुखतात.