मुस्तफाची डागडुजी

आधीच सांगते, कॉन्व्हेंटात शिकल्यामुळे माझं मराठी आपल्या मेसच्या आमटीसारखं आहे, त्यात डाळ शोधावी लागते. संपादकांनी मागे लागून लिहायला लावलंय, तेव्हा दोष त्यांचा!

तर, आमच्या घरी एक मुस्तफा आहे. ज्यांना कळलं ते हसले असतील. बाकीच्यांनी लॅबमधल्या एखाद्या सरांना विचारावं. खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', कॅपकॉमचा १९९३ सालचा गेम. पण पार्लरमध्ये एवढं लांबलचक नाव कोण घेणार? पिवळ्या टोपीवाल्या मुस्तफाच्या नावानंच तो चालायचा. बाबांचं पार्लर सांगलीत होतं. एक रुपयाला एक कॉइन. माझ्या जन्माच्या आधीच, २००४ मध्ये ते बंद झालं. बाकीची मशीन्स भंगारात गेली, हे एक राहिलं. त्यावर गव्हाची पोती ठेवतात.

व्हिडिओ गेम म्हणजे पोरं बिघडवायचा अड्डा, असं अख्ख्या गल्लीचं मत. मला शाळेत घालताना आईनं बजावलं होतं, "मुलाखतीत पार्लरचं काढू नका हं." बाबांनी काढलं नाही. नंतर घरीसुद्धा कधी काढलं नाही.

यंदा इंटर्नशिपचे बत्तीस हजार हातात आले आणि बाबांची पन्नाशीही आली. जुनी मशीन्स नवी करून देणाऱ्या एकाला मी फोटो पाठवले. आकडा आला अठ्ठावीस हजार. पिक्चर ट्यूब काढून एलसीडी, जुन्या बोर्डाऐवजी शेकडो गेम्सचा छोटा बोर्ड, नवी बटणं, वरून चकचकीत सनमायका. मी जाम खूश! रूममेटनं एकच विचारलं, "मग जुनं काय राहणार गं?" तिच्यावर दोन दिवस चिडले होते.

दिवाळीच्या सुट्टीत पोती उतरवून मशीन उघडलं. टी.ई.ला असून पहिल्यांदाच जामाचा छप्पन्न पिनांचा कनेक्टर हातात धरला. १९८५ पासूनचं हे जपानी स्टँडर्ड, त्यामुळे बोर्ड बदलला की गेम बदलतो, वायरिंग तेच राहतं. (आमच्या सिलॅबसपेक्षा बरं डिझाइन आहे.) इप्रॉमच्या काचेच्या खिडक्यांवरचे स्टिकर शाबूत होते. पॉवर सप्लायचे कपॅसिटर मात्र फुगलेले. जॉयस्टिकच्या डावीकडे, जिथे पोरांचे तळवे टेकायचे, तिथला रंग पार उडालेला.

कॉइनच्या दाराच्या आतल्या बाजूला बॉलपेननं लिहिलेले हिशोब होते. रोजचा गल्ला, लाइट बिल. त्यांतच एक ओळ : 'दादाची फी – ४५०'. दादा माझ्याच शाळेत होता, माझ्या कितीतरी आधी. त्याची फी कुठून आली, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

त्या माणसाला फोन केला, दार तसंच ठेवता येईल का? तो म्हणाला, "मॅडम, जुन्यावर नवं शोभत नाही. सगळंच बदलू." त्याच्या जागी तो बरोबरच असेल. मी नको म्हटलं.

कपॅसिटर मी स्वतः बदलले, दोनशे रुपयांत. ट्यूबला मात्र हात लावला नाही. मशीन बंद असलं तरी तिच्यात हजारो व्होल्ट साठून राहू शकतात, आणि तिथे हौस कामाची नाही. गावातल्या जुन्या टीव्ही मेकॅनिक काकांना बोलावलं. त्यांनी आधी ट्यूब डिस्चार्ज केली, मग दोन दिवस चासीवर काम केलं. साडेतीन हजार घेतले, आणि मी घासाघीस केली नाही. रंग अजून थोडा हिरवट येतो. आवाज येतच नाही.

वाढदिवसाला बाबांनी स्विच लावला, बराच वेळ नुसते उभे राहिले. मग कॉइनचं दार उघडलं, आत वाचलं, लावून टाकलं. आई स्वयंपाकघराच्या दारात होती.

"पोती आता दुसरीकडे ठेवा," ती म्हणाली.