सलामाच्या पुढचे काही

निवडणूक आली की सोलापुरात उमेदवारांना भाषा फुटतात. पूर्व भागात तेलुगू, लिंगायत वस्तीत कन्नड आणि आमच्या शुक्रवार पेठेत 'अस्सलाम अलैकुम'! यात वाईट काही नाही. हे शहरच तसे आहे. 12 जानेवारी 1931 रोजी फाशी गेलेले आमचे चार हुतात्मे आठवा : मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. नुसत्या नावांवरून या गावच्या बोल्या ओळखाव्यात.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. त्यामुळे पत्रकाचा तर्जुमा करून घ्यायला कार्यकर्ते माझ्याकडे येतात. मराठी पत्रकात पाणी, ड्रेनेज, रस्ते, शाळाखोल्या अशी वचने असतात. उर्दूत मात्र, "सर, मोठं नको. सलाम टाका, एखादा शेर टाका, खाली निशाणी." एकदा मी सगळी वचने उतरवून दिली. छापून आला तो फक्त शेर.

शिवाय आमच्या गल्लीत उर्दू लिपी सगळ्यांना कुठे येते? घरात दखनी बोलायची आणि पेपर मराठी वाचायचा, अशी कितीतरी घरे आहेत. पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन 1990 साली सोलापुरातच भरले होते. तरी मुसलमान म्हणजे उर्दू, हे समीकरण काही सुटत नाही. टीका करणारेही त्यातच अडकलेले. मार्च 2023 मध्ये मालेगावात उद्धव ठाकरे यांच्या सभेसाठी उर्दू फलक लागले, तर त्या अक्षरांवरूनच गदारोळ झाला.

1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123 प्रमाणे भाषेच्या नावावर मत मागणे हा भ्रष्टाचार ठरतो. 2017 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मतदाराची भाषाही त्यात धरली. पण मतदाराशी त्याच्या भाषेत बोलायला मनाई नाही. एप्रिल 2025 मध्ये अकोला जिल्ह्यातील पातूर नगरपरिषदेची उर्दू पाटी कायम ठेवताना याच न्यायालयाने सांगितले, भाषा म्हणजे धर्म नव्हे. तिथे मराठीच्या जोडीला उर्दू आहे, आणि ती मतदान झाल्यावर उतरवली जात नाही. फरक आहे तो इथेच.

आपल्या महापालिकेच्या शाळा मराठी, उर्दू, कन्नड, तेलुगू अशा चार माध्यमांत चालतात. मते मागायला जी भाषा चालते, ती त्या शाळांना शिक्षक आणि खोल्या देतानाही आठवली पाहिजे. उमेदवारांना माझे एवढेच सांगणे आहे. वचन कोणत्याही भाषेत द्या, पण पूर्ण द्या. पाच वर्षांनी ते तुम्हाला वाचून दाखवतील अशी मुले आमच्या वर्गात बसलेली आहेत.