बिरसीच्या वाटेवरचा पळस

फाल्गुनात गोंदियाहून बिरसीला जाण्याचा योग आला, तर वाहन थोडे सावकाश हाकावे. दोन्ही बाजूंना धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्या दिसतात, कुठे पाणी असेल तिथे उन्हाळी धानाची हिरवळ असते आणि धुऱ्यांवर पाने गळून केशरी फुलांनी पेटलेले पळस उभे असतात. पुढे विमानतळ लागतो. इथली धावपट्टी ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली. विमाने आली, तरी पळस आपल्या जागी आहे. आपण या झाडापाशी क्षणभर थांबावे, कारण आपल्या घरातील औषधांच्या डब्याशी त्याचे नाते आहे.

रानातून डिंक, म्हणजे ‘गोंद’, आणि लाख घेऊन लोक इथे विकायला येत, त्यावरून गोंदिया हे नाव पडले, असे सांगतात. लाख म्हणजे पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर राहणाऱ्या बारीक कीटकांनी स्वतःभोवती रचलेले राळेचे कवच. पळसावर तिची दोन पिके येतात, एक वैशाखी आणि दुसरे कातकी. फांदीवरून खरवडलेली लाख धुऊन, वितळवून, गाळून तिचा चपडा करतात. आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी तो अनेक रूपांत पाहिला आहे. टपालाच्या पाकिटावरची मोहर, लाखेच्या बांगड्या, लाकडी कपाटाची चकाकी आणि ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या ही सारी त्याचीच रूपे.

हीच लाख काही गोळ्यांवर आवरण म्हणूनही चढवतात. ती जठरातील आम्लात विरघळत नाही, पुढे आतड्यात विरघळते. त्यामुळे जठराला बोचणारे औषध जठर ओलांडून जाते आणि आम्लाने नासणारे औषध शाबूत राहते. आज अशी पुष्कळ आवरणे कारखान्यात बनवलेल्या पदार्थांची असतात, परंतु युक्ती तीच आहे.

ही युक्ती मला उशिरा कळली. आईला गिळणे जड जाऊ लागले, तेव्हा मी तिच्या साऱ्या गोळ्या खलबत्त्यात कुटून मधातून देत असे. एका औषधविक्रेत्याने हे ऐकले आणि शांतपणे म्हटले, “ही कुटू नका. हिचे कवच हेच अर्धे औषध आहे.” मायेपोटी मी रोज ते कवच फोडत होतो.

पदार्थाने कुठे टिकावे आणि कुठे विरावे, हे आधीच ठरवून तो घडवणे, हा विचार आता रसायनशास्त्रात रुजतो आहे. पॉल अनास्टास आणि जॉन वॉर्नर यांनी १९९८ मध्ये हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वे मांडली. काम संपल्यावर पदार्थ निरुपद्रवी घटकांत विघटित व्हावा, हे त्यांतील एक तत्त्व. युरोपीय आयोगाने २०२२ मध्ये रसायने मुळातच सुरक्षित आणि शाश्वत घडवण्याची चौकट सुचवली. पदार्थ कशापासून होतो, वापरताना कोणाला इजा करतो आणि टाकल्यावर त्याचे काय होते, असे हे जन्मापासून अंतापर्यंतचे प्रश्न आहेत.

पळसाच्या पत्रावळीला हे प्रश्न विचारून पाहावेत. ती झाडावरून येते, गरम भात निमूट सोसते आणि उकिरड्यावर माती होते. थर्माकोलची ताटली मात्र जेवण संपल्यावरही वर्षानुवर्षे उरते. महाराष्ट्राने २०१८ मध्ये तिच्यावर बंदी घातली, ती याच कारणाने.

तरीही निसर्गातून आले म्हणजे निर्धोक, असे मानू नये. पांडवांसाठी रचलेले घर लाखेचेच होते आणि ते जाळण्यासाठीच रचले होते. पानाच्या पत्रावळीलाही आतून प्लास्टिकचा थर असू शकतो. नाव पाहून निश्चिंत न होता वस्तूचा सारा प्रवास पाहावा.

घरी परतल्यावर आपण एवढे अवश्य करावे. औषधांचा डबा उघडावा आणि गोळ्यांच्या नावापुढे ‘ईसी’, ‘एसआर’, ‘ईआर’, ‘सीआर’ अशी अक्षरे आहेत का, ते पाहावे. अशी गोळी कुटू नये, चावू नये. ‘एसआर’ किंवा ‘ईआर’ प्रकारची गोळी कुटली, तर दिवसभर हळूहळू मिळायचे औषध एकदम अंगात उतरू शकते. मधोमध रेघ असली, तरी विचारल्यावाचून तिचे तुकडे करू नयेत. अक्षरे नसलेल्या गोळीलाही आवरण असू शकते. म्हणून गिळणे कठीण होत असेल, तर डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला प्रत्येक गोळीविषयी विचारावे. पुष्कळदा पातळ औषध किंवा दुसरा पर्याय मिळतो. मात्र स्वतःहून गोळी बंद करू नये.

बिरसीचा पळस पुढच्या फाल्गुनातही फुलेल. तो पाहायला जाल, तेव्हा त्याच्या फांदीवरचे खरबरीत कवच बोटाने हळूच चाचपून पाहा.